व्याह्यांसाठी पाणी

सावनीचं लग्न ठरलं होतं. अडलं होतं ते कुठे करायचं यावर. मुलाचे वडील श्रीरंगराव बोलणी करायला गुहागरहून सावनीच्या घरी, उस्मानपुऱ्यात आले आणि पहिल्याच चहाबरोबर त्यांनी सांगून टाकलं, की लग्न आमच्याकडे करू. तुमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं म्हणे. वऱ्हाडाचे हाल नकोत.

सावनीच्या वडिलांना, वैजनाथरावांना, चहा गोड लागेना. मुलीचं लग्न मुलीच्या दारात, ही त्यांच्या घराण्याची रीत. शिवाय गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ज्या माणसाने जन्मभर तलावांचे साठे लिहिले, त्याच्या मुलीचं लग्न पाण्यावाचून परगावी लागावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

"कोण म्हणतं पाणी नाही?" ते म्हणाले. "उठा. हर्सूलच्या तलावावर जाऊ. आमची चौपाटीच आहे ती. तुमचे पाय भिजवल्याशिवाय परत आणत नाही."

सावनीच्या आईने, उमाबाईंनी, स्वयंपाकघरातून डोळे वटारले. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नळ यायला पाच दिवस होते आणि घरात भरलेली पिंपं दोन. पण वैजनाथरावांनी एकदा मनावर घेतलं, की डोळे वटारून उपयोग नसे, हे त्या तीस वर्षांत शिकल्या होत्या.

तलावाच्या वाटेवर नव्या इमारती उठल्या होत्या. एकीचं नाव 'लेक व्ह्यू'. तिच्या सगळ्या खिडक्यांमधून समोरच्या इमारतीवरच्या टाक्या तेवढ्या दिसत. पुढे तलावाच्या कोरड्या पोटात क्रिकेटचे दोन सामने रंगले होते. श्रीरंगराव थांबून एक षटक बघत राहिले, आणि तेच वैजनाथरावांना जास्त झोंबलं.

"काठ जरा सरकलाय," ते म्हणाले. "चला, पुढं आहे पाणी."

अर्धा तास झाला तरी पाणी पुढेच होतं. तिथे ओलीवर काकड्या लावून बसलेल्या कडूबाईने दोघांना हटकलं.

"दादा, पुढं जाऊ नगा. वरून वाळल्यावानी दिसतंय, खाली लई गाळ हाय. परवा म्हैस फसली."

वैजनाथराव थांबले नाहीत. या तलावाची खोली आपल्याला तोंडपाठ आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. ते खरंही होतं. फक्त ती पाण्याची खोली होती. दहा पावलांवर श्रीरंगराव गुडघाभर गाळात गेले. त्यांना ओढायला वैजनाथराव वाकले आणि तोंडावर आपटले. शेवटी कडूबाईने दोर टाकून एकेकाला बाहेर काढलं. म्हैस बरी, म्हणाली, ती सांगितलेलं ऐकते. श्रीरंगरावांचा एक बूट तलावातच राहिला.

घरी येईपर्यंत दोघांच्या अंगाला असा वास सुटला, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आता पाहुण्याला अंघोळीला किती पाणी द्यायचं? उमाबाईंनी नवऱ्याला एक बोट दाखवलं, म्हणजे एक बादली. वैजनाथरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"व्याहीबुवा, पिंपं भरलेली आहेत. सावकाश होऊ द्या. हात आखडू नका."

श्रीरंगरावांनी हात आखडला नाही. पहिलं पिंप गाळ काढण्यात गेलं, दुसरं कपडे आणि उरलेला बूट धुण्यात. बाहेर वैजनाथराव एकेक तांब्या मोजत होते, पण 'पुरे' म्हणतील तर शपथ.

तासाभराने श्रीरंगराव लख्ख होऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"वैजनाथराव, लोक उगाच बदनामी करतात हो तुमच्या शहराची. महिन्याने आज अशी अंघोळ झाली. खरं सांगतो, आमच्या विहिरीने यंदा होळीलाच तळ गाठला. लग्न कसं निभवायचं, या घोरात होतो. पण इथे त्याहून वाईट असेल असं वाटलं. आता ठरलं. लग्न इथेच."

जिंकलं. वैजनाथरावांना अगदी भरून आलं.

"आणि आमची दीडशे माणसं आठ दिवस आधीच येतील," श्रीरंगराव म्हणाले. "तेवढंच बिचाऱ्यांना पोटभर पाणी मिळेल. तुमची काही अडचण नाही ना?"

उमाबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. वैजनाथरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पिंपांकडे.

"अडचण कसली? खुशाल या," ते म्हणाले, आणि अंगावर वाळलेला गाळ नखाने खरवडत बसले.