बोरिंगपासून चिंचेपर्यंत

आमच्या गावात एसटीतून नवा माणूस उतरला की त्याला आधी कबड्डी म्हणावी लागे. पाणी, चहा, कोणाकडे आलात ही विचारपूस, सगळं नंतर. लटारीभाऊ चिंचेखाली बसलेलेच असत. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. ते पाहुण्याची पिशवी आपल्या हातात घेत, त्याला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला हातपंपाच्या बोरिंगपाशी नेत आणि सांगत, "एका दमात म्हना, कबड्डी कबड्डी. पळाचं नाई, चालाचं. दम जिथी सुटन तिथी थांबाचं. अन् दम खोटा सोडाचा नाई."

पिशवी त्यांच्याच हातात असल्यामुळे पाहुण्याला दुसरा मार्ग नसे.

बोरिंगपासून चिंचेपर्यंत शाळेची लांब भिंत आहे. तिच्या समोर आधी पानठेला लागतो. पुढे भिंतीतच शाळेचं फाटक, मग चिंच, आणि चिंचेच्या पलीकडे तळ्याची पाळ. ज्याचा दम जिथे सुटे तिथे लटारीभाऊ भिंतीवर कोळशानं खूण करत. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाचं चित्र ठरलेलं. पानठेल्यावाल्या गजाननचं पान. हेडमास्तरांची छडी, त्यांनी कधी कबड्डी म्हटली नाही, म्हणून ती छडी बोरिंगपाशीच उभी. माझं पुस्तक. लटारीभाऊंचा स्वतःचा मासा, कारण ते तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातले. जाळं बुडाशी अडकलं की तरुणपणी तेच बुडी मारत आणि वर यायला इतका उशीर लावत की काठावरच्या बाया रडायला लागत, असं ते स्वतः सांगत. पुढे ते तालुक्याच्या सामन्यांना पंच झाले. तळ्यापलीकडे कोळशाची खाण सुरू झाली तेव्हा तिथे मजुरीला लागले. पंचगिरी तेवढी सुटली नाही.

दर पंधरा ऑगस्टच्या आधी हेडमास्तर भिंत चुन्यानं पांढरी करत. दुसऱ्या दिवशी लटारीभाऊ सगळ्या खुणा आठवून पुन्हा काढत.

"लटारी, ही सरकारी भिंत आहे," हेडमास्तर म्हणत.

"हो जी. म्हनून तं सरकारले दिसन असं काढून राह्यलो."

जिवतीच्या डोंगराकडून कोणी आला की लटारीभाऊंना सण वाटे. एकदा तिकडचा एक मुलगा गावात मुलगी पाहायला आला होता. तो कबड्डी कबड्डी करत चिंच ओलांडून पाळीवर चढला, तेव्हा लटारीभाऊंनी शिट्टी काढून खिशात ठेवली आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "मुलाचं काई विचारू नको. पोरगी दे अन् तिकडंच पाठव." लग्न झालं. हुंड्याची बोलणी झाली नाहीत अशी ती आमच्याकडची एकच सोयरीक.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजला जाणारी. सकाळी सातच्या एसटीनं चंद्रपूर. छातीशी पुस्तकं धरून मी खाली मान घालून निघे आणि बोरिंगपाशी लटारीभाऊ उभे. शिकलेल्या मुलीनं रस्त्यात कबड्डी म्हणायची, याची मला फार लाज वाटे. मी एकदा धीर करून सांगितलं, "भाऊ, याला शास्त्रीय आधार नाही."

"तुह्या शास्त्राले इथून चिंचेपर्यंत चालता येते का?"

"तसं नाही, भाऊ."

"मंग तू चाल."

दहावीत माझं पुस्तक चिंचेच्या बुंध्यापाशी होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते मागे हटून फाटकाच्या जरा पलीकडे आलं. माझंच नाही, सगळ्यांचंच तसं होतं. कोळशाचे ट्रक चिंचेवरून जात. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकलं की अंगणात काळी रेघ पडे. उन्हाळे असे तापायला लागले की दुपारी कोंबड्याही चोच उघडी ठेवून बसत. हिवाळ्यात धूर तळ्यावर उतरे आणि दहा वाजेपर्यंत उठत नसे. आम्ही खोकत होतो, पण खोकला कोणी मोजत नाही. लटारीभाऊ तेवढे मोजत होते.

त्यांची बायको अंजनाबाई पोंभुर्ण्याकडची, जंगलातल्या गावातली. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिला बोरिंगपाशी उभी केली म्हणतात. सासू कपाळावर हात मारून बसली. नवरी कबड्डी कबड्डी करत चिंचेपाशी पोचली, थांबली, आणि पदर सावरून म्हणाली, "आता काय करू जी?" तेव्हापासून भिंतीवर तिची फणी. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा ती फणी फाटकापाशी आली होती. तिचं घर बोरिंगच्या शेजारी. ती हसून म्हणे, "माही फनी घराकडं येऊन राह्यली." हसताना तिला थांबून श्वास घ्यावा लागे.

एक दिवस लटारीभाऊ मला म्हणाले, "पोरी, तुले डॉक्टरची भाषा येते. चाल आमच्या संगं." डॉक्टरची भाषा मला येत नव्हती, पण नाही म्हणता आलं नाही. आम्ही तिघं चंद्रपूरला दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी अंजनाबाईच्या पाठीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या."

"साहेब, घेनं कोनीबी घेते," लटारीभाऊ मध्येच म्हणाले. "सोडताना पाहा."

डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं. "तुम्ही पंच आहात का?"

"हो जी."

डॉक्टर थकलेले होते, तरी हसले. मग विचारायला लागले. बिडी? नाही. तंबाखूची मशेरी? नाही. स्वयंपाक कशावर?

"शेगडीवर. कोयशाच्या." लटारीभाऊ खुर्चीत सरळ झाले. "साहेब, गावच्या बाया डोक्यावर लाकडाच्या मोया घेऊन जंगलातून पाय घासत येते. मी हिले इतक्या सालात एक दिवस लाकडाले जाऊ देलं नाई. सायकलीवर कोयसा आनतो. पावसातबी."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "खोलीला खिडकी आहे?"

"होती. ट्रकची धूळ येते म्हनून मीच बुजवली."

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाहेरची धूळ आहेच. पण बंद खोलीत कोळशाचा धूर, इतकी वर्षं..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि औषधं लिहिली.

परत येताना एसटीत लटारीभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. अंजनाबाईच बोलली. "डॉक्टरले काय समजते. मले तं लय आराम होता जी तुमच्या कोयशानं."

दुसऱ्या दिवशी लटारीभाऊंनी सब्बल घेऊन बुजवलेली खिडकी फोडली. शेगडी तळ्यात टाकली. स्वतः जंगलातून मोळी आणली, चिंचेखाली तीन दगड मांडले आणि भात शिजवायला बसले. बाया पाण्याच्या घागरी घेऊन पाहायला थांबल्या. एक ट्रक गेला. दुसरा गेला.

"लटारीभाऊ, भातात तीळ टाकले का?" गजाननने पानठेल्यावरून विचारलं.

दोन दिवसांनी भांडं पुन्हा घरात गेलं. आत धूर होता, बाहेर धूळ होती. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. "पोरी, तुह्या पुस्तकात तिसरी जागा हाये का काई?"

मी म्हणाले, शोधते. मी खरंच शोधली.

अंजनाबाईला महिनाभर भावाकडे पोंभुर्ण्याला पाठवलं. तिकडे तिला बरं वाटलं, पण ती आपली आपणच परत आली. "तिथी मले कोनी कबड्डी म्हन म्हनत नाई," एवढंच तिनं कारण सांगितलं.

याच सुमारास लटारीभाऊंचा मासा घसरला. दवाखान्यातून आल्यावर आठवड्याच्या आत तो चिंचेवरून थेट फाटकापाशी आला, फणीच्या शेजारी. पुढे फणी पानठेल्याकडे सरकली की दोन-तीन दिवसांत मासाही सरके. "पंचच फाऊल झाला," गजानन म्हणे. लटारीभाऊ म्हणत, "म्हातारपन, बावा." मला मात्र राहवलं नाही. मी हवेचं प्रदूषण पाहणाऱ्या चंद्रपूरच्या कार्यालयात अर्ज केला. त्यात सगळ्यांच्या खुणा लिहिल्या, आणि सर्वांत आधी लटारीभाऊंची. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसाचा दम एका वर्षात इतका कमी होतो, तर लहान मुलांचं काय, असं मी लिहिलं. ते वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं.

अर्जाची पोच आली. सहा महिन्यांनी जीपमधून एक साहेब यंत्र घेऊन आले. ते यंत्र दिवसभर ग्रामपंचायतीच्या छपरावर ठेवलं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. हवा ठीक आहे, असं साहेब म्हणाले. लटारीभाऊंनी त्यांची बॅग हातात घेतली. साहेब हसत हसत कबड्डी म्हणत चिंचेपर्यंत आले.

"साहेब, तुमचा दम चांगला हाये. आता दोन सालं इथीच राहा. मंग पाहू."

साहेब त्याच जीपनं गेले.

अंजनाबाई त्या हिवाळ्यात गेली. तळ्यावरचा धूर तेव्हा तीन दिवस उठला नव्हता. शेवटी तिची फणी बोरिंगच्या दांड्याला जवळजवळ टेकली होती, आणि मासाही.

मग लटारीभाऊंनी कोणाला अडवणं सोडलं. पाहुणे एसटीतून उतरून सरळ चहा प्यायला जायला लागले. गावाला ते बरं वाटायला हवं होतं. पंधरा ऑगस्ट आला, हेडमास्तरांनी भिंत पांढरी केली आणि या वेळी ती पांढरीच राहणार असं सगळ्यांनी धरलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी एसटीला निघाले तर लटारीभाऊ बोरिंगपाशी एकटे उभे. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दम भरला आणि चालायला लागले. कबड्डी कबड्डी. पानठेला गेला. मी तिथेच थांबले. फाटक गेलं. चिंच गेली. ते पाळीवर चढले, पाळीवरून पुढे चालत राहिले, आणि तो आवाज बारीक होत गेला, पण तुटला नाही.

मला माझा अर्ज आठवला. त्यातलं ते चांगलं वाक्यही आठवलं.

ते परत आले तोवर मी फाटकापर्यंत गेले होते. त्यांनी मला पाहिलं, पण दचकले नाहीत. खिशातून कोळसा काढून त्यांनी फाटकापाशी मासा काढला. शेजारी फणी काढली. तिचे दात काढायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही दवाखान्यात गेलो त्या वर्षीची ती जागा.

"पुढं कसा जाऊ मी तिच्या," ते भिंतीकडे पाहूनच म्हणाले. "कोयसा मी आनला." मग माझ्याकडे वळले. "चाल. म्हन."

मी बोरिंगपाशी परत गेले, पुस्तकं छातीशी धरली. या वेळी लाज वाटली नाही. दम भरला आणि चालायला लागले. पानठेला मागे पडला. मासा आणि फणी समोर दिसत होते. त्यांच्या दोन हात अलीकडे माझा दम धरता धरता सुटला.

शिट्टी वाजली नाही. लटारीभाऊ जवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न प्रत्येकाला दरडावून विचारला होता. आज आवाज वेगळा होता.

"खोटा सोडला ना, पोरी?"

मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

"हो, भाऊ," मी म्हणाले. "एसटी चुकेल म्हणून."

त्यांनी मान हलवली. "खोटा दम मी भिंतीवर काढत नाई," ते म्हणाले, आणि कोळसा खिशात ठेवला.

एसटी चिंचेपाशी येऊन उभी होती. मी पळाले नाही. चालत गेले.