सातव्या मजल्यावरचा राक्षस

बाबा जाऊन दोन महिने झाले, तरी घरभर त्यांच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. बाबा लिफ्ट तपासनीस. दोष दिसला की चिठ्ठी लिहायची आणि जागेवर डकवायची, ही नोकरीतली सवय त्यांनी घरीही आणली होती. फ्रिजवर ‘दोष: दार लागत नाही. उपाय: ढोपराने ढकलणे.’ धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर नुसतंच ‘दोष: गणित.’ उपाय त्यांनाही सुचला नसावा. आई एकही चिठ्ठी काढू देत नव्हती.

त्या रविवारी दुपारी ताईने बाबांच्या आजारपणात माळ्यावर टाकलेला जुना कॉम्प्युटर खाली उतरवला. तो भंगारात द्यायचं ठरलं होतं. पण आई म्हणाली, “द्यायच्या आधी मला तो खेळ बघायचाय. दवाखान्यात त्यांनी दोनदा विचारलं होतं, धाकट्याचा खेळ आहे ना अजून?”

धाकटा घाईघाईने कॉम्प्युटरची वायर गुंडाळू लागला. आता तो एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करत असे, पण बाराव्या वर्षी त्याने एक अख्खा खेळ स्वतः बनवला होता. बाबांनी त्याच्या वहीवर ‘दोष: लक्ष नाही. उपाय: खेळणे बंद’ अशी चिठ्ठी लावली, त्याच रागात. खेळात सात मजल्यांची इमारत होती आणि सातव्यावर एक राक्षस. राक्षसाला जाड काड्यांचा चष्मा होता, खिशाला पेन होतं आणि तो चिठ्ठ्या फेकून मारत असे. नवऱ्याच्या आठवणीवर दिवस काढणाऱ्या बाईला हे दाखवायचं कसं?

कॉम्प्युटर बंद पडलाय, असं त्याने ठोकून दिलं. आईने तळमजल्यावरच्या वायरमनला बोलावलं. हा बाबांच्या हाताखाली शिकलेला. त्याने दहा मिनिटांत मशीन सुरू केलं, वर साहेबांच्या घरचं काम म्हणून पैसे न घेता हात जोडून निघून गेला. मग धाकट्याने पासवर्ड विसरल्याचं सांगितलं. ताईने मॉनिटर वळवून मागची बाजू दाखवली. तिथे चिठ्ठी होती: ‘दोष: पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे.’ खाली पासवर्डही लिहिला होता.

शेवटचा मार्ग म्हणून पहिल्याच मजल्यावर मुद्दाम मरायचं त्याने ठरवलं. मुद्दाम काही करावं लागलं नाही. चाळिशीतल्या बोटांनी ते काम आपसूक केलं. “सरक तिकडे,” म्हणून ताई बसली आणि लहानपणी लपूनछपून केलेला सराव कामी आणत तिने सरळ सातवा मजला गाठला.

पडद्यावर चष्मा आला. मग पेन आलं. ताईने चाळीस-पन्नास ठोसे मारले, पण राक्षस ढिम्म हलेना. तेव्हा धाकट्याला आठवलं, की मार बसल्यावर राक्षसाची ताकद कमी करायची ती ओळ तो लिहायलाच विसरला होता.

“बाबाच आहेत ते,” तो शेवटी म्हणाला. “बारा वर्षांचा होतो गं मी. त्यांना दाखवायची कधी हिंमत झाली नाही.”

आई पडद्याकडे बघत राहिली. एवढ्यात ताई मेली आणि सर्वाधिक गुणांची यादी आली. दहा ओळी होत्या. दहाही ओळींत बाबांची आद्याक्षरं होती, आणि शेवटची तारीख गेल्या वर्षीची.

धाकट्याने ती तारीख पुन्हा एकदा वाचली. आपण घर सोडून गेल्यावर हा माणूस इतकी वर्षं इथे बसून स्वतःलाच ठोसे मारत होता, आणि फोनवर मात्र हवापाण्यापलीकडे दोघांत कधी बोलणं झालं नाही. त्याला फार वाईट वाटलं.

ताईने कीबोर्ड उचलला, तर खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. ती तिने मोठ्याने वाचली.

“मजला दोन. दोष: शिडी अधांतरी. उपाय: उडी मारणे. मजला पाच. दोष: भिंतीतून आरपार जाता येते. उपाय: वापरून घेणे. मजला सात. दोष: राक्षस मरत नाही.” ती थांबली. “उपाय: नको. राहू दे.”

मग धाकटा डोळे पुसत म्हणाला, की एका ओळीचंच काम आहे, दोन मिनिटांत दुरुस्त होईल.

“हात लावायचा नाही,” आई म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पदराने चष्मा पुसला. “मारायचं बटण कोणतं?”

त्याने दाखवलं. आईने पहिला ठोसा हाणला. “हा न सांगता गेल्याबद्दल.” मग दुसरा. “हा माझ्या भाकरीला चिठ्ठी लावल्याबद्दल.”

ताईने भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. चहाची वेळ झाली, टळली. राक्षस काही मरेना आणि आई काही उठेना.