शामरावांचं कलम चौदा

वैशाखातल्या भर दुपारी अमरावतीच्या रस्त्यावर छत्री, दोन थर्मामीटर आणि खिशात कांदा घेऊन फिरणारा माणूस दिसला, तर ते आमचे शेजारी शामराव इंगळे समजावेत. कांदा ऊन लागू नये म्हणून. तो वऱ्हाडात पुष्कळ लोक ठेवतात. थर्मामीटर मात्र एकट्या शामरावांकडे. एक ते कडुलिंबाच्या फांदीला टांगायचे, दुसरं हातात धरून रस्त्याच्या मधोमध उन्हात उभे राहायचे आणि मग दोन्हींतला फरक कागदावर टिपून घ्यायचे. लोकांना ते कंपाउंडर वाटत. एका म्हातारीने तर त्यांच्यापुढे हात केला, "पाह्य बरं बाबू, ताप हाय काय?"

"माय, तुले नाही, साऱ्या जिल्ह्याले ताप आला हाय," शामराव म्हणाले. म्हातारी घाबरून घरी गेली आणि दोन दिवस अंथरुणातून उठली नाही.

शामराव सरकारी कचेरीतले निवृत्त कारकून. अंगाने काटकुळे, आवाज मात्र सभेत बोलल्यासारखा. मूलबाळ नाही, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. हातचं करून खायचे आणि उरलेला दिवसभर कायदा लिहायचे. 'उष्णतानिवारण व वृक्षरक्षण विधेयक' हे त्याचं नाव आणि कलमं एकवीस. मी शाळामास्तर, म्हणून शुद्धलेखन तपासण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"मास्तर, हवा बदलून राहिली," ते ओसरीवर टेकता टेकता म्हणायचे. "झाडं चालले, ऊन वाढलं, पाणी मागंपुढं होऊन राहिलं. लोकाइले सांगून काही होत नाही. कायदा पाहिजे, अन् तो राज्याचाच पाहिजे. दिल्लीले आपलं ऊन पोचत नाही."

कलमं एकेक पाहण्यासारखी होती. हिरवं झाड तोडणाऱ्याने पाच झाडं लावावीत आणि भर मे महिन्यात, डोक्यावर टोपी न घालता, स्वतः पाणी द्यावं. प्रत्येक वरपक्षाने मांडव घालण्याआधी वधूच्या गावात सात कडुलिंब लावावेत. "अन् नाही जगले तर?" मी विचारलं. "तर जावयानं येऊन पुन्हा लावावे," शामराव शांतपणे म्हणाले. नवीन लग्न झालेला माझा मेव्हणा तेव्हापासून त्यांना टाळू लागला.

त्या माणसाला नशिबाची साथ मुळीच नव्हती. पहिली प्रत त्यांनी सुवाच्य अक्षरात 'मध्य प्रदेश राज्य' असं लिहून तेव्हाच्या राजधानीला, नागपूरला पाठवली. तेवढ्यात छप्पन साल उजाडलं आणि आमचा वऱ्हाड उचलून मुंबई राज्यात ठेवला. शामरावांचा कागद जुन्या दप्तरांबरोबर भोपाळला गेला. तिथून अगदी सभ्य उत्तर आलं, की आपला जिल्हा आता आमच्याकडे नाही. शामरावांनी सगळीकडे 'मुंबई राज्य' घातलं आणि एकवीस कलमं पुन्हा लिहिली. तो कागद मुंबईत कुठे पडून होता देव जाणे, तोवर महाराष्ट्र झाला. सगळं गाव पेढे वाटत होतं आणि शामराव एकटे दौतीत शाई भरत बसले होते.

"काहून, आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला ना! पण राज्य एका जागी बसलं पाहिजे, मास्तर. माह्या हाताले आता गोळे येतात."

तिसऱ्या प्रतीला मात्र गिऱ्हाईक मिळालं. आमच्या भागातले एक आमदार, माणूस भला आणि हसतमुख, एका सत्काराला आमच्या शाळेत आले होते. शामरावांनी त्यांना हार घालायच्या आधी विधेयक हातात दिलं. आमदारांनी ते घरी नेऊन खरोखर वाचलं, आणि आठवड्याने आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. शामराव कोट घालून आले होते. मे महिन्यात कोट!

"शामरावजी, मी हे अशासकीय विधेयक म्हणून माझ्या नावानं मांडतो," आमदार म्हणाले. "ते लग्नाचं कलम जरा सौम्य करू. अन् चौदावं तेवढं काढून टाका."

चौदावं कलम मला पाठ होतं. स्टेशनपासून गावाकडे जाणाऱ्या कुठल्याही पायरस्त्यावर सावली देणारं झाड कोणीही तोडू नये. सरकारने आदेश दिला तरीही तोडू नये.

"सरकार आपलेच हात बांधून घेईल काय?" आमदार म्हणाले. " त्या एका कलमापायी बाकीचे वीस बुडतील. ते काढा, येत्या अधिवेशनात मी उभा राहतो."

शामरावांच्या बाजूला बसून मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो. इतक्या वर्षांची लिखापढी, आणि दारात उभं राहिलेलं यश.

"लग्नाचं सारं काढा, आमदार साहेब," शामराव म्हणाले. "चौदावं नाही निघत."

आमदारांनी खूप समजावलं. शेवटी हात जोडले आणि विचार करायला चार दिवस दिले. घरी येईपर्यंत मी दोन पावलं पुढेच चाललो. ओसरीवर आल्यावर मात्र माझा तोल सुटला. "तुम्हाला कायदा नकोच आहे, शामराव! तुम्हाला नुसतं लिहीत बसायचंय!" शेजाऱ्याशी असं बोलू नये, पण बोललो.

शामरावांनी कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला.

"चांदूर रेल्वेच्या स्टेशनावरून आमच्या गावाले पायी रस्ता होता," ते म्हणाले. आवाज इतका खाली, की मला पुढे सरकावं लागलं. "दोन्हीकडून लिंबाचे झाड. बायको माहेरून आली की त्याच रस्त्यानं पायी ये. अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली बसे, पाणी पिये, मंग उठे. एका साली ते झाडं तोडून विकाचा हर्रास निघाला. आदेशाचा मसुदा मीच लेहला, मास्तर. साहेबानं शाबासकी देली, भाषा चांगली हाय म्हणून."

त्यांनी मांडीवरच्या कोटाची घडी पुन्हा नीट केली.

"पुढच्या मे महिन्यात बायको स्टेशनावरून एकटीच निघाली. लोकाइले त्या झाडाच्या बुंध्यापाशी सापडली. तिथं सावली नव्हती. सवयीनं बसली असंन."

मग मी म्हणालो, "पण सही तर साहेबांची होती. तुम्ही नुसते कारकून."

"तेच तर!" शामरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मले तो रस्ता मालूम होता. लेहताना हात थांबला बी होता. पण कारकुनाले साहेबापुढं नाही म्हणता येत नाही. कायदा दाखवता येते फक्त. 'साहेब, हे कलम आडवं येते,' इतकंच म्हणाचं होतं मले. सारे पुस्तकं उलथून पाह्यले मी तवा. एक बी कलम नव्हतं."

इतकी वर्षं मी त्या माणसाची कलमं तपासत होतो आणि आतल्या आत हसत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

चार दिवसांनी विधेयक आमदारांकडे परत धाडायचं होतं. वरपक्षाचं कलम आम्ही पार गाळलं. शामरावांच्या हाताला त्या दिवशी खरंच गोळे आले होते, म्हणून चौदावं माझ्या अक्षरात लिहिलं. ते शेजारी बसून सावकाश सांगत गेले. 'सरकारने आदेश दिला तरीही' हे शब्द आल्यावर म्हणाले, "खाली रेघ वढा, मास्तर. कोण्या कारकुनाले घाईत दिसलं पाह्यजे."

मी रेघ ओढली. मग तीच रेघ पुन्हा एकदा गिरवली.