पाईकराव काकांचं प्रवाळ

जवळा बाजार या आमच्या गावी पाईकराव काकांच्या कृषी केंद्रात सोयाबीनचं पिवळं पान घेऊन जाणाऱ्यानं घाई करू नये. काका पान उजेडात धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "मधी काय बघता? काठ बघा. रोग काठानं चालतो." इथपर्यंत ठीक असतं. मग ते पान काउंटरवर ठेवतात. "पर हे काहीच न्हाई. तिकडं समुद्रात प्रवाळाला काळा पट्टा येऊन राहिला."

आमच्या गावाचा समुद्राशी संबंध मीठ आणि सुकट एवढाच. काकांनीही समुद्र पाहिलेला नाही. पण माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे गेली दोन वर्षं तो समुद्र माझ्या कानात शिरतोय. खरं सांगतो, मी कंटाळून गेलो होतो.

"प्रवाळ म्हंजे दगड न्हाई भाऊ, जनावर हाय. बारीक बारीक लाखो जनावरं चुन्याची घरं बांधून एकमेकाला चिटकून राहतात. त्यांच्यावर जीवाणूंची टोळी बसते. एकट्याचं काम न्हाई ते, चार जातीचे मिळून येतात. पट्टा पुढं सरकतो, मागं नुसता पांढरा सांगाडा."

वसमतकडच्या एका शेतकऱ्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग फवारणीच्या एका पंपाला औषध किती टाकावं?" काकांना हा प्रश्न इतका आवडला, की तो माणूस दिसला की ते अजून त्याला चहा पाजतात.

इंग्रजी लेख शोधून छापायचं काम माझ्याकडे. काका दहावी पास. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहितात, तोही मलाच विचारून. व्हिब्रियो नावाचा एक जीवाणू आहे, त्याचं नाव ते जावयाचं घ्यावं तसं अदबीनं घेतात. एकदा वैतागून मी म्हणालो, "काका, कशाला एवढी तकलीफ? सोयाबीनला रोग कमी पडले का?"

"तुमी छापा," ते म्हणाले.

मागच्या रविवारी त्यांचा मोबाईल बिघडला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि माझ्या फोनवरून त्यांनी मुलीला दर रविवारचा फोन लावला. सुजाता तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या रोगांवर काम करते, एवढं मला ठाऊक होतं. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"जेवलात का बाबा?"

"व्हय. तू?"

"झालं. गोळ्या?"

"घेतल्या."

एवढ्यावरच संपलं. बापलेकीचं बोलणं आधी काकूंच्या मार्फत व्हायचं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून या चार वाक्यांपुढं गाडी आपसूक जात नसावी. मी फोन परत घ्यायला हात पुढे केला, तर काकांनी खिशातून पेन्सिलीच्या खुणांचा कागद काढला.

"सुजे, पाणी तापलं की काळा पट्टा जोर धरतो म्हणं. आपलं ते तांब्याचं बुरशीनाशक मारून बघितलं का?"

तिकडं पोरगी खळखळून हसली. "बाबा, तांब्यानं रोगाच्या आधी प्रवाळच मरेल." आणि मग ती जी बोलत सुटली, ती थांबेना. पाण्यात उतरल्यावर काय दिसलं, कोणता खडक वाचला, कोणता गेला, जेवणात रोज भात असतो. काका डोळे मिटून "व्हय, व्हय" करत राहिले. दोन वर्षांची छपाई कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

शेवटी ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं बाबा. प्रवाळाचं काम संपलं. पुढच्या महिन्यापासून मी समुद्री शेवाळाच्या शेतीवर जातेय. सुटलात तुम्ही एकदाचे."

"बरं झालं," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते स्टुलावर तसेच बसून राहिले. हातातल्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इतकं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी दुकान आवरायला लागलो.

"भाऊ, कम्प्युटर बंद केला का?"

"नाही अजून."

"मंग त्या शेवाळाला काय काय रोग येतात, बघा बरं. सोपं असंल ते आधी काढा. पुढचा रविवार आठच दिवसांवर हाय."