अर्बाबची ना-हरकत

कागदपत्रं म्हणजे काय, हे धनंजय केळसकरला कोणी शिकवायची गरज नव्हती! मस्कतमधल्या एका बांधकाम कंपनीत तो सव्वीस वर्षं तेच काम करत होता. कामगारांचे व्हिसे, रेसिडंट कार्डं, मेडिकलचे फॉर्म, सुटीवर जाऊन परत न आलेल्यांचे खुलासे, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. "चारशे माणसं या देशात कायदेशीर उभी आहेत ती माझ्या जिवावर," असं तो मस्कतजवळच्या अमेरातमधल्या घरी जेवताना आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा.

"आणि आपल्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपून महिना झाला," त्याची बायको रेखा आमटी वाढता वाढता म्हणायची, "ती कोणाच्या जिवावर उभी आहे?"

धनंजयचा एक सिद्धांत होता. पत्र वाचण्यासाठी नसतंच मुळी! काउंटरवरचा माणूस कधी पत्र वाचतो का? तो थेट खाली बघतो. तिथे निळा, गोल, ठसठशीत शिक्का असला की काम झालं. शिक्का नसेल तर वर साक्षात कविता लिहिलेली असली तरी पत्र परत!

तर एका गुरुवारी संध्याकाळी अमेरिकेहून पूर्वाचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, व्हिडिओ कॉल आला. ओहायोमध्ये तिचं एमएस नुकतंच पूर्ण झालं होतं.

"बाबा, मला आता वर्क ऑथरायझेशनला अप्लाय करायचंय. शिकून झाल्यावर इथे एक वर्ष काम करायची परमिशन मिळते ना, ते."

धनंजय खुर्चीत ताठ बसला. इतकी वर्षं पोरगी अल्गोरिदम वगैरे बोलायची तेव्हा त्याला नुसती मान हलवावी लागायची. आज विषय त्याच्या खात्यात आला होता!

"स्पॉन्सर कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? तुझा अर्बाब कोण?"

"बाबा, अमेरिकेत असा कोणी मालक-अर्बाब नसतो. मी माझी मी अप्लाय करते. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसमधल्या अफशीन मॅडम रेकमेंड करतात, मग मी ऑनलाइन फॉर्म भरते. खलास."

"एनओसी?"

"नाही लागत."

"अटेस्टेशन?"

"नाही."

"निदान शिक्का?"

"बाबा!"

मग तिने नीट समजावून सांगितलं. कोर्स संपल्यापासून साठ दिवसांच्या आत अर्ज जायला हवा. मुलाखती आणि घर बदलणं यांत पन्नास दिवस कसे गेले ते कळलंच नव्हतं. कोलंबसमधल्या एका कंपनीत नोकरी ठरली होती, पण ही परवानगी आली तरच. मंगळवारी मॅडम रेकमेंड करणार होत्या. "सगळं होतंय. तू फक्त काही करू नकोस. प्लीज हं, बाबा."

धनंजयने ऐकून घेतलं. पण आंघोळीला गेलेल्या माणसाला पाणी लागत नाही असं कोणी सांगितलं तर त्याचा जसा चेहरा होईल तसा त्याचा झाला होता. स्पॉन्सर नाही, एनओसी नाही, आणि परदेशात नोकरी? पोर साधी आहे. तिला कोणीतरी फसवतंय. किंवा ऐन वेळी काउंटरवरचा माणूस म्हणेल, "एनओसी कुठाय?" मग काय करणार?

शुक्रवार-शनिवार सुटी होती. त्या दोन दिवसांत विचार करून करून त्याने एक साखळी जुळवली. पूर्वा ओमानात वाढली ती धनंजयच्या व्हिसावर. धनंजय ओमानात आहे तो अर्बाबच्या व्हिसावर. म्हणजे पूर्वाने जगात कुठेही काम करायला अर्बाबची हरकत नाही, हे कागदावर यायलाच हवं! ही साखळी त्याला इतकी पटली, की अमेरिकेला ती अजून कशी सुचली नाही याचंच त्याला आश्चर्य वाटायला लागलं.

रविवारी सकाळी तो ऑफिसशेजारच्या टायपिंग सेंटरमध्ये हजर झाला. तिथे टायपिंगला निदा बलुची होती. तिचं हिंदी धनंजयच्या हिंदीपेक्षा चांगलं होतं.

"निदा, एक एनओसी. अर्जंट."

"किसका, अंकल?"

"मेरी बेटी का. अमेरिका के लिए."

निदाची बोटं थांबली. "अमेरिका में भी एनओसी लगता है?"

"सब जगह लगता है! पिछले हफ्ते वाला फॉर्मेट खोलो. नाम और पासपोर्ट नंबर बदल दो."

"और बाकी?"

एवढ्यात धनंजयचा फोन वाजला. सोहारच्या साइटवर कोणाचा तरी पासपोर्ट वॉशिंग मशीनमधून निघाला होता. "धुतला? कितना धुतला? फोटो दिखता है क्या?" असं ओरडत त्याने निदाला हातानेच खूण केली. "बाकी सब वही!"

"अंकल, लड़की है ना? सब वही रखूँ? पक्का?"

"यल्ला निदा, जल्दी, सब वही!"

पत्र छापून आलं. धनंजयने ते बारकाईने तपासलं. लेटरहेड सरळ होतं, संदर्भ क्रमांक होता, तारीख होती, खाली शिक्क्याला ऐसपैस जागा होती. उत्तम!

अर्बाब मुनीर म्हणजे कंपनीचे मालक. सत्तरीचा, गोड स्वभावाचा माणूस. धनंजयने पुढे केलेल्या कागदावर सही करायची आणि कॉफी प्यायची, एवढीच दोन कामं ते ऑफिसात करत.

"अर्बाब, ये पूर्वा का है."

"हमारा बेटी का?" त्यांनी झोकात सही केली. "बेटी के लिए दो शिक्का मारो, धन!"

धनंजयने दोन शिक्के मारले, पत्र रंगीत स्कॅन केलं, आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवरून अफशीन मॅडमचा पत्ता शोधून पाठवून दिलं. त्या संध्याकाळी रेखाने त्याला बऱ्याच दिवसांनी शीळ घालताना ऐकलं.

सोमवारी संध्याकाळी पूर्वाचा कॉल आला.

"बाबा, मी कारपेंटर आहे?"

"काय?"

"शटरिंग कारपेंटर. तुझ्या कंपनीत. दोन वर्षं, तीन महिने."

धनंजयचा चेहरा जून महिन्यात गाडीत राहिलेल्या चॉकलेटसारखा झाला. मागच्या आठवड्यातली एनओसी राजीव नावाच्या शटरिंग कारपेंटरची होती. तो सूर शहरातल्या एका कंपनीत गेला होता. आणि बाकी सब वही!

पूर्वा इंग्रजी पत्राचा मराठीत अर्थ सांगत होती. तिचं मराठी एरवी अडखळायचं, आज रागाने सरळ धावत होतं. "'सदर कर्मचारी निर्व्यसनी, कष्टाळू आणि उंचीवर काम करायला न घाबरणारी आहे.'"

"कोण उंचीवर चढलंय?" रेखा हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ही? पंखा पुसायला स्टुलावर चढवली तर हिला चक्कर येते!"

"आई, जोक नाहीये! या तारखांना मी इथे ओहायोत होते, स्टुडंट व्हिसावर. मला बाहेर काम करायची परवानगीच नव्हती. मॅडम विचारतायत, तू मस्कतमध्ये बसून वर्गात हजर होतीस, की वर्गात बसून मस्कतची नोकरी करत होतीस? त्यांनी रेकमेंडेशन थांबवलंय!"

"मी आत्ता लगेच एक करेक्शन लेटर..."

"नो!" पूर्वा आणि रेखा एकदमच ओरडल्या.

 मग पूर्वा हळूच म्हणाली, "अर्ज गेला नाही तर मला परत यावं लागेल, बाबा. आणि परत म्हणजे कुठे? तिथलं माझं रेसिडंट कार्ड कधीच संपलं. इंडियात मी फक्त मे महिन्यात आंबे खायला गेलेय."

 अडचण आली की धनंजय जे करायचा तेच त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. करेक्शन लेटर पाठवलं! 'पूर्वा केळसकर आमच्याकडे कधीही कामाला नव्हती.' खाली अर्बाबची सही आणि तीन शिक्के.

आता अफशीन मॅडमकडे एकाच माणसाच्या सहीची दोन पत्रं होती. एकात पूर्वा कारपेंटर होती, दुसऱ्यात नव्हती. त्यांनी कळवलं, सही करणाऱ्या गृहस्थांशी मला व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. बुधवार, मस्कतच्या संध्याकाळी पाच वाजता. शेवटचा दिवस रविवार होता, आणि अमेरिकेतलं ऑफिस शुक्रवारी बंद होणार होतं.

बुधवारी अर्बाब कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र पायघोळ दिश्दाशा घालून, अत्तर लावून, कॉफीचा थर्मास आणि खजुराची बशी पुढे घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले. धनंजयने त्यांना तीनदा पढवलं होतं. "अर्बाब, सिर्फ इतना बोलना, पूर्वा यहाँ काम नहीं करती थी."

"माफी मुश्किल, धन! कुछ प्रॉब्लेम नहीं."

स्क्रीनवर एका चौकोनात पूर्वा होती, नखं खात. दुसऱ्या चौकोनात अफशीन मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, हातात पेन. त्यांनी इंग्रजीत सरळ प्रश्न टाकला, "सर, पूर्वा तुमच्या कंपनीत काम करत होती का?"

अर्बाबनी छातीवर हात ठेवला. पाहुण्यासमोर पोरीला परकी म्हणायचं त्यांच्या जिभेवर येईना. "मॅडम, काम काय विचारता? ही कंपनीच तिची आहे! ती माझी मुलगी आहे! सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्या ऑफिसात येते. माझ्या सगळ्या फायली तिने लावल्यात!"

मॅडमचं पेन थांबलं. "सहा वर्षांची असल्यापासून?"

"येस, येस! प्रत्येक सुटीत! आणि एक बैसा कधी मागितला नाही!"

पूर्वाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडम लिहायला लागल्या. बेकायदा नोकरीवरून प्रकरण बालमजुरीवर आलं होतं! अर्बाब मात्र समाधानाने खजूर खात होते.

धनंजयच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं. आता आणखी एक पत्र? चार शिक्के? त्याने पूर्वाच्या चौकोनाकडे बघितलं. ती रडत होती. आणि सव्वीस वर्षांत जे वाक्य त्याने एकाही काउंटरवर उच्चारलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"मॅडम, पत्र खोटं आहे."

अर्बाबचा खजूर हातातच राहिला.

"फॉरमॅट दुसऱ्या माणसाचा होता. मी तोच ठेवायला सांगितला. अर्बाबनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. ती लहानपणी इथे यायची ते फायलींवर चित्रं काढायला. पूर्वाने मला सांगितलं होतं, काही करू नकोस. मी केलं."

"पाठवण्यापूर्वी तुम्ही पत्र वाचलं नाहीत?"

"नाही."

"दुसरं?"

"तेही नाही."

"मग बघितलंत काय?"

धनंजयने मान खाली घातली. "शिक्का सरळ आलाय का ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या! "मी इराणमधल्या शिराझहून इथे शिकायला आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या वडिलांनी डीनना केशराची डबी आणि गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्यांचं पत्र पाठवलं होतं. वर्षभर मी त्या डीनसमोर गेले नाही. मिस्टर केळसकर, आत्ता जे बोललात तेच मला लिहून पाठवा. साध्या मेलमध्ये, स्वतःच्या नावाने. लेटरहेड नको, आणि कृपा करून शिक्का नको."

तीन ओळींचा तो मेल लिहायला धनंजयला दीड तास लागला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं त्याने दोनदा लिहिलं आणि शेजारी बसलेल्या रेखाने दोनदा खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: पूर्वाने काही करू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी तिला न विचारता चुकीचं पत्र पाठवलं. चूक माझी आहे.

गुरुवारी रेकमेंडेशन आलं. शुक्रवारी पूर्वाने अर्ज भरला.

मग वाट बघणं सुरू झालं. चारशे कामगारांना सव्वीस वर्षं "इन्शाल्ला, दोन दिवसांत होईल" असं सांगणारा धनंजय आता रोज विचारायचा, "आलं का गं कार्ड?" आणि ओहायोहून उत्तर यायचं, "इन्शाल्ला, बाबा." अकरा आठवड्यांनी कार्ड आलं. पूर्वा नोकरीवर रुजू झाली. रेखाने शिरा केला, अर्बाबनी घरी मणभर हलवा पाठवला, आणि धनंजयला वाटलं, चला, प्रकरण मिटलं.

जानेवारीत पूर्वाचा कॉल आला.

"बाबा, रागावणार नाहीस ना? अफशीन मॅडमनी मला विचारून तुझं पहिलं पत्र नवीन मुलांच्या ओरिएंटेशनमध्ये दाखवलं. मोठ्या स्क्रीनवर. नाव काळं करून. 'आईवडिलांना हे करू देऊ नका' म्हणून."

रेखाने हळूच नवऱ्याकडे बघितलं. आता हा आठवडाभर जेवणार नाही, असं तिला वाटलं.

"किती जण होते?" धनंजयने विचारलं.

"तीनशे तरी."

"सगळ्यांनी बघितलं?"

"बघितलं काय, मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवलं! पहिल्या शब्दापासून. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, बाबा."

धनंजय खुर्चीत ताठ बसला. मग रेखाकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? इतक्या वर्षांत माझं पत्र पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं!"