थोरला, धाकटा आणि तळघर

जी वस्तू बंद पडून चालण्यासारखं नाही ती जोडीने असावी, हे तत्त्व आता सर्व सुधारलेल्या संस्थांना मान्य आहे. आमच्या कार्यालयात तर कपाटाच्या किल्ल्याही दोन आहेत (दुसरी कपाटात सुरक्षित ठेवलेली आहे).

आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट इंटरनेटवरून देतो. दारात येणाऱ्या गर्दीला ‘तू या सर्व्हरकडे जा, तू त्या’ असं वाटून देणारं एक यंत्र असतं. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. तो बंद पडला की मागचे सगळे सर्व्हर ठणठणीत असूनही माश्या मारत बसतात. म्हणून आमच्याकडे दोन आहेत, थोरला आणि धाकटा. थोरला काम करतो. धाकटा थोरल्याकडे बघत असतो. थोरला दर सेकंदाला ‘आहे’ असं कळवतो, हा त्याचा हार्टबीट. तो येईनासा झाला की धाकटा थोरल्याचा पत्ता स्वतःच्या नावावर करून घेतो आणि कारभार हाती घेतो. (घराण्यांमध्ये हे घडलं की प्रकरण कोर्टात जातं. आमच्याकडे याला फेलओव्हर म्हणतात आणि मुख्य कार्यालयातून कौतुकाचं पत्र येतं.)

धाकट्याने बसवल्यापासून एकही काम केलेलं नाही. वीज, एसी आणि वार्षिक देखभाल मात्र थोरल्याच्या बरोबरीने. आमच्या पाहणीनुसार कार्यालयातल्या बहात्तर टक्के कर्मचाऱ्यांना धाकटा व्हावंसं वाटतं. उरलेले झालेले आहेत.

ही व्यवस्था माझ्याकडे असते. त्यामुळे मुलगी पाळणाघरात जाऊ लागली तेव्हा मी तीच घरी लागू केली. थोरली मी, धाकटा नवरा. पाळणाघरातल्या ताईंना दोन नंबर दिले, आधी माझा, तो लागला नाही तर त्याचा. मी अधूनमधून त्याला ‘आहे’ असा मेसेज पाठवायचा. सुरुवातीला मेसेज वेळेवर जात नसत, तेव्हा एका सकाळी दोघांनीही स्वतःला थोरलं समजून मुलीला वेगवेगळा नाश्ता भरवला. (वापरकर्त्याची तक्रार आली नाही.)

सासूबाई या रचनेत नव्हत्या. त्या रोज दुपारी स्वतःहून पाळणाघरात फोन करून जेवली का, झोपली का, नाक वाहतंय का, असं विचारत. हा अनावश्यक ट्रॅफिक होता. मी गोडीत सांगून पाहिलं, “आई, काही झालं तर ताईच कळवतील आपल्याला.”

“आणि तुम्ही लागलाच नाहीत तर?”

“दोन नंबर दिलेत, आई.”

“बरं बाई,” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. तांत्रिक शिक्षण नसलं की असं होतं.

गेल्या आठवड्यात साहेबांनी फेलओव्हरची चाचणी ठरवली. थोरल्याची वायर उपटायची आणि बघायचं. दोघंही तळघरात असतात. भिंती इतक्या भक्कम की पाणी, चोर आणि मोबाइलची रेंज, काहीच आत येऊ शकत नाही. नवरा याच कार्यालयात विजेचं बघतो, म्हणून त्यालाही बोलावलं. उतरताना मी नियमाप्रमाणे ‘आहे’ असा मेसेज टाकला. तो शेजारच्याच पायरीवर होता. “मिळाला,” म्हणाला.

चाचणी अप्रतिम झाली. वायर निघाली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धाकटा उभा राहिला. टाळ्या पडल्या. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली (तापलेला होता, हात झटकला). धाकट्याबरोबर सर्वांचा फोटो झाला.

वर आलो तर दोघांच्याही फोनवर पाळणाघराच्या कॉलची रांग. मी फोन लावला. अहवालात याची नोंद नाही.

“अहो, ताप चढला होता तिला,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला लावला, त्यांना लावला, परत तुम्हाला. दोघंही बंद. तेवढ्यात आजींचा रोजचा फोन आला. त्याच येऊन डॉक्टरकडे घेऊन गेल्या.”

घरी मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. कपाळ कोमट, मुठीत त्यांचा पदर. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “कुठे उलथला होतात दोघं?”

“चाचणी होती,” नवरा म्हणाला.

“कसली?”

“एक बंद पडला तर दुसरा उभा राहतो का, त्याची.”

“मग? राहिला?”

“लगेच राहिला, आई.”

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “बरं झालं. एक तरी राहिला.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिसरा नंबर होण्याची रीतसर विनंती केली. त्यांनी ती नाकारली. “मी कोणाच्या बंद पडण्याची वाट बघत बसायची नाही. मी आपली फोन करते.” कार्यालयात मात्र चाचणी शंभर टक्के यशस्वी ठरली आणि दोन्ही यंत्रं तळघरातच राहिली.

वाचकहो, तुमच्याकडे असा घोळ होणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्हीही शाळेत, पाळणाघरात कुठेतरी दोन नंबर दिलेच असतील. त्यातला एक तुमचा. दुसरं माणूस आत्ता कुठे आहे? तुमच्या शेजारीच बसलंय, आणि दोघांचे फोन एकत्रच चार्जिंगला आतल्या खोलीत? छान. म्हणजे सगळं आमच्यासारखंच चोख आहे.