पंधराशे व्होल्टचे केरूभाऊ

कोणावर काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण लोणावळ्याच्या आमच्या रेल्वे चाळीत केरूभाऊंबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही.

केरूभाऊ देवालासुद्धा एका हाताने नमस्कार करतात. डावा हात कायम खाकी कोटाच्या खिशात. रेल्वेच्या वीजघरात ते फिटर. घाटातल्या गाड्यांची पंधराशे व्होल्टची वीज तिथून जाते. "दोनी हात लावलं की करंट छातीतनं जातो. एक खिशात ठिव, म्हातारा हुशील," हा त्यांचा सगळ्यांना उपदेश. पुतणीच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांनी एकाच हाताने धरलं. हात अवघडून अंतरपाट खाली आला, आणि मंगलाष्टकं संपायच्या आधीच नवरा-नवरीने एकमेकांना पाहून घेतलं.

डावा हात बाहेर येई तो फक्त गिटार वाजवायला. निवृत्त होऊन गेलेल्या एका गार्डसाहेबांनी ती त्यांना दिलेली. भाऊ ती मांडीवर आडवी ठेवून वाजवत आणि त्यांच्या बायको, सरूमावशी, तांदूळ निवडत ऐकत. दोन वर्षांपूर्वी मावशींचे कान जाऊ लागले. डावा गेला, उजवाही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मग भाऊंनी जुन्या बाजारातून रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर आणून गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी बांधायला घेतली. कशासाठी म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "हात रिकामा ऱ्हातो म्हनून." कोणता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पेटी जुळली. स्पीकर जोडण्याआधी बायस मोजायचा, असं मीच त्यांना इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं. व्हॉल्व्हला तीनशे व्होल्ट लागतात, ते होते. बायस म्हणजे त्या व्हॉल्व्हला आवरून धरणारा लगाम, जेमतेम साडेबारा व्होल्टचा. भाऊंनी आपला मीटर लावला. काटा हलेना.

"बायस न्हाई," भाऊ म्हणाले. सायन्सचा विद्यार्थी म्हणून मीही गंभीरपणे मान हलवली.

तीन आठवडे ते बायस ठरवणारा रेझिस्टर बदलत राहिले, दुप्पट केला, तिप्पट केला. काटा ढिम्म. शेवटी एका रविवारी माझ्यासमोर चिडून रेझिस्टर काढला आणि तिथे सरळ तार जोडली. लगाम सुटला आणि व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झाला.

"अवो, तुमचा दिवा लय झ्याक पेटला की!" मावशी मोठ्याने म्हणाल्या. "सैपाकाला हितं आना!"

"व्हय, व्हय!" म्हणत भाऊंनी बटण बंद केलं. व्हॉल्व्ह जळाला होता. तसला आता एकच उरला.

सोमवारी पुण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटर हातात घेतला आणि माझं डोकं ठिकाणावर आलं. भाऊंचा मीटर वीजघराने टाकून दिलेला, दोन हजार व्होल्टपर्यंतचा. त्याला बारा व्होल्ट दिसणार कसे? सरांना विचारून मी लहान मीटर घेतला आणि शनिवारी घरी आलो. भाऊंनी उरलेला व्हॉल्व्ह आणि पहिला रेझिस्टर बसवला. काटा बरोबर साडेबारावर थांबला.

भाऊंनी मीटरच्या काचेवर बोट टेकवलं. "म्हंजी पैल्या दिवसापासनं बरूबर व्हतं. पंधराशेच्या तोऱ्यात बाराला मी मोजलंच न्हाई." मग चुलीकडे पाहून हळूच म्हणाले, "त्यात तिचा महिना गेला."

स्पीकरचा फाटलेला कागद त्यांनी डिंकाने चिकटवला होता, तो अजून ओला होता, म्हणून पेटी वाजवून बघता आली नाही. मला मीटर घेऊन पुण्याला परतणं भाग होतं. निघताना मी मावशींना दोनदा हाक मारली. त्या वळल्या नाहीत.

तीन आठवडे काही कळलं नाही. विचारायचं धैर्यही मला झालं नाही. मग पोस्टकार्ड आलं, भाऊंच्या चौथी शिकलेल्या अक्षरात:

"पेटी वाजली. ही चुलीम्होरं व्हती, पाठ करून. दोन वर्सांत पैल्यांदा मला म्हनली, अवो, जरा हळू वाजवा की, मानसं काय म्हनतील."